सुरी कुणाची होती

भंवरकुव्याला आमची मेस, दुसऱ्या गल्लीत, झेरॉक्सच्या वर.
चाळीस ताटं. रात्री गिलकी, नाहीतर दुधी.
पांढुर्ण्याचा वैकुंठ ढोले ओट्याशी बसून मोठ्यानं वाचतो.
म्हणतो, काकू, ऐकणारं कुणी असलं की सनावळ्या टिकतात.
मी कांदा चिरते. मला काय, ऐकते.

आज बल्गेरिया. सन एक हजार चाळीस.
आधीचा बादशहा म्हणे कर घ्यायचा तो धान्यात,
बैलजोडीमागे एक माप गहू, एक माप राळं, एक घागर दारू.
नवे कारभारी आले. म्हणाले, नाणं आणा.

इथं माझा हात थांबला.
नाणं शेतात उगवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.
निमाडातली पोरं आधी पोत्यानं गहू आणायची,
आयांनी निवडलेला, आत कडुलिंबाचा पाला.
मग पुतण्या म्हणाला, काकू, हिशेब लागत नाही.
भिंतीला तो चौकोनी कोड चिकटवला.
आता सगळे मोबाईल दाखवतात,
आणि ज्याच्या खात्यात काही नसतं
तो त्या दिवशी भूक नाही म्हणतो.

मग उठला एक. देल्यान नावाचा.
कुणी म्हणे गुलाम, कुणी म्हणे जुन्या राजाचा नातू.
"खरंच नातू होता का रे?"
"नक्की नाही, काकू."
लोकांनी ढालीवर उचलला त्याला.
नसता नातू तरी उचलला असता.
बुडणारा दोराचं गाव विचारत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या छावणीनं दुसराच राजा केला.
देल्याननं त्याला बोलावून घेतलं,
लोकांना म्हणाला, दोघं नकोत, एक निवडा.
निवडला.
दुसऱ्याला दगडांनी ठेचला.

वैकुंठ गप्प झाला.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे
जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते.
तो कधी बोलत नाही त्यावर.
पण पोराला सोडायला आले होते तेव्हा
त्याच्या वडिलांची उजवी भुवई मी पाहिली आहे.
म्हटलं, पान उलट.

पुढच्या पानावर चुलतभाऊ.
नजरकैदेतून निसटून, वेष पालटून आलेला.
देल्याननं जवळ घेतलं, चाळीस हजार माणसं दिली.
तो हरून परत आला.
मग एक दिवस त्यानंच जेवायला बोलावलं,
दारू पाजली,
आणि स्वयंपाकाच्या सुरीनं
देल्यानचं नाक कापलं, डोळे काढले.

स्वयंपाकाच्या.
परत वाच म्हटलं. परत तेच.
"सुरी कुणाची होती?"
"काकू, हे पेपरात येत नाही."
न येऊ दे.
पण त्या रात्री कुणीतरी ती शोधली असेल,
सुपाखाली, परातीखाली, पोराला दोनदा ओरडून.
सकाळी मिळाल्यावर राखेनं घासली असेल.
मग? कांदाच चिरला असेल ना तिनं?
लिहिणाऱ्यानं धार लिहून ठेवली.
मूठ कुणाच्या हातची, ते राहिलं.

"संपलं का?"
"नाही ना. आंधळा होऊनही तो लढत राहिला,
असं काहीजण लिहितात. पुढच्या वर्षी पकडला."
"आंधळा माणूस फौज कशी मोजत असेल रे?"

तेवढ्यात लाइट गेली.
बाहेर पंगतीत कुणीतरी शिटी मारली, ताटं वाजली.
वैकुंठ मोबाईलचा उजेड धरायला उठला.
राहू दे म्हटलं, लसूण बोटांना कळतो.
सोलत राहिले, मोजत,
एका ताटामागे दोन पाकळ्या.
गल्ल्यापाशी पुतण्याची खुर्ची करकरली.
सुरी मी आधीच चाचपून मांडीखाली घेतली होती.

मग अंधारातच म्हटलं,
पोळ्याला घरी जाशील ना,
येताना गव्हाचं पोतं घेऊन ये.
पुतण्याचं मी बघते.

तो काही बोलला नाही.
पान उलटल्याचा आवाज आला तेवढा,
दिसत नव्हतं तरी.